रंगराव आप्पांची लाँग आयर्न

लाँग आयर्न मारायला एवढी अवघड का, हे आमच्या क्लबात नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या महिन्यात विचारतो. मग कुणीतरी मोबाइल काढून एखाद्या परदेशी मास्तरचा व्हिडिओ लावतो, सगळे माना डोलावतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे चेंडू पुन्हा जमिनीवरून सरपटत जातात. मी त्या घोळक्यात थांबत नाही. मला त्या प्रश्नाचं उत्तर रंगराव आप्पांकडून मिळालेलं आहे, आणि ते मिळेपर्यंत मला बरीच हाडं जोडावी लागली आहेत.

मी हाडांची डॉक्टर. साताऱ्यात माझा दवाखाना आहे. गोल्फ खेळते ती खेळाच्या हौसेपेक्षा पेशंटपासून दोन तास सुटका म्हणून. पण नशीब असं, की तिथंही मला पेशंट पुरवणारा माणूस भेटला.

आमचं मैदान म्हणजे गावाबाहेरचा माळ. पावसाळ्याचे महिने सोडले तर गवत औषधालाही मिळत नाही. होलच्या, म्हणजे चेंडू घालायच्या खड्ड्याच्या, भोवती हिरवळ असायला हवी तिथं वाळूत जळकं ऑइल कालवून थापलेला गोल असतो, त्याला आम्ही ब्राऊन म्हणतो. बाकी सगळा मुरूम. मुरमावर काठी आपटली की मनगट बोंबलतं, म्हणून आमच्याकडे एक रिवाज आहे. प्रत्येकाच्या खिशात जुन्या चटईचा वीतभर तुकडा असतो. चेंडू पडेल तिथं तो तुकडा अंथरायचा, चेंडू त्याच्यावर ठेवायचा आणि मग मारायचा. कर्नलसाहेबांपासून माझ्यापर्यंत सगळे हेच करतात. आप्पांनी मात्र तो तुकडा कधी खिशात ठेवला नाही. उभा जन्म मातीत गेला, आता मातीला काय लाजायचं, असं ते म्हणायचे.

ज्यांनी ही काठी कधी हातात धरली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गोल्फच्या काठ्यांना नंबर असतात. नऊ नंबरची आयर्न दांड्यानं आखूड, आणि तिचं लोखंडी पातं मागे चांगलं कललेलं. नुसता धक्का दिला तरी त्या उतारावरून चेंडू आपोआप चढतो. नंबर जसजसा खाली येतो तसतसा दांडा लांब होतो आणि पातं उभं होत जातं. दोन-तीन नंबरच्या काठ्या म्हणजे लाँग आयर्न. चेंडूपाशी उभं राहून दोन नंबरकडे खाली बघितलं तर पातं सुरीच्या पाठीएवढं दिसतं. ते बघून माणसाला वाटतं, एवढ्याशानं हा चेंडू वर जाणं शक्य नाही, आपणच काहीतरी मदत केली पाहिजे. मग तो मूठ आवळतो, अंग मागच्या पायावर टाकतो आणि चेंडूच्या खाली शिरून त्याला उचलायला बघतो. तिथंच सगळं बिघडतं. पातं एकतर मागची जमीन खणतं, नाहीतर चेंडूच्या टाळक्यावर बसतं. दांडा लांब, म्हणून मुठीतली केसभर चूक टोकाला पोचेपर्यंत बोटभर होते. जितका जोर लावाल तितकी ती वाईट वागते. म्हणून हल्ली शहाणी माणसं तिच्या वाटेला जात नाहीत. हायब्रिड नावाची जाडसर डोक्याची काठी निघाली आहे, ती झोपेत मारली तरी चालते. अख्ख्या क्लबात दोन नंबर एकट्या आप्पांकडे होती.

आप्पा माण तालुक्यातले, दहिवडीच्या पलीकडच्या धनगरवाडीतले. बापानं मेंढरं वळली, यांनी तालीम धरली. कुस्तीच्या जोरावर फौजेत गेले आणि तिथं गुडघा गेला. गुडघा गेलेल्या पैलवानाला करायचं काय, म्हणून त्यांना छावणीच्या गोल्फच्या मैदानावर नेमलं. तिथं आमचे कर्नलसाहेब तेव्हा तरुण कॅप्टन होते. त्यांनी यांच्या हातात काठी दिली. पेन्शनीत आल्यावर आप्पांनी साताऱ्याजवळ खडीचा क्रशर टाकला, पैसा केला, आणि कर्नलसाहेबांच्या शब्दावर आमच्या क्लबाचे सभासद झाले. मोडलेले कान, मानेचा पत्ता नाही, पांढरीशुभ्र पँट आणि हातात साहेबांनी निरोपाला दिलेली ती दोन नंबर. काही सभासदांनी नाकं मुरडली, पण आप्पांना ऐकू जाईल इतक्या जवळून कुणी मुरडली नाहीत.

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते तिसऱ्या होलवर. त्यांनी मुरमावरून दोन नंबरनं चेंडू मारला, तो उंदरासारखा जमिनीलगत पळाला. दुसरा मारला, तोही तसाच. तिसऱ्या वेळी त्यांनी चेंडूमागची जमीन अशी खणली की खडे आमच्या अंगावर आले. मग ते शांतपणे बाजूच्या बाभळीकडे गेले आणि त्या काठीनं बाभळीला मारायला लागले. फांद्या तुटून पडल्या, साल निघाली, काटे त्यांच्या हातात रुतले, तरी थांबेनात. शेवटी दांडा वाकला. तो गुडघ्यावर घेऊन त्यांनी सरळ केला आणि खेळायला परत आले.

आमच्यात कराडचा एक बांधकामवाला होता. त्याला गप्प बसवेना. "पैलवान, नांगरट झाली, आता पेरणी करा," म्हणाला. आप्पांनी त्याची कॉलर आणि पट्टा धरला, त्याला आडवा उचलला आणि क्लबाच्या शेततळ्यात फेकला. तळ्याला प्लॅस्टिकचा कागद लावलेला. तो माणूस वर चढायचा आणि घसरून परत पाण्यात जायचा. दोर टाकून त्याला काढला तेव्हा त्याचं मनगट मोडलेलं होतं. मी त्याच दुपारी ते प्लॅस्टरमध्ये घातलं. खर्च आप्पांनी दिला, माफी मागितली नाही.

क्लबात त्यांच्या रागाला 'कोयना' म्हणायचे. आज कोयना हलली का, असं पार्किंगमध्येच विचारून माणसं आत यायची. लोक हसायचे, मला हसू यायचं नाही. रागीट माणूस मनानं चांगला असतो, हे वाक्य ज्यानं काढलं त्यानं माझ्या दवाखान्यात एक दिवस बसावं. आप्पांच्या क्रशरवरच्या एका ड्रायव्हरचा खांदा मी बसवला आहे. ढाब्यावर कुणाचा तरी दात पडला तोही माझ्याकडेच आला होता, जसा काही मी दातांचा कारखाना चालवते. मी आप्पांना स्पष्ट सांगितलं होतं की तुम्ही मला आवडत नाही. ते म्हणाले, "बराबर हाय बाई. मलाबी न्हाई आवडत."

कर्नलसाहेबांचं मत वेगळं होतं. त्यांना आप्पांच्या स्वभावात रस नव्हता, फटक्यात होता. त्यांचं निदान असं, की पैलवान माणूस सगळ्याला खालून उचलायला जातो. समोरच्याच्या पोटाखाली शिरायचं, पट काढायचा आणि वर घ्यायचा, ही त्याच्या अंगात मुरलेली सवय. तीच सवय चेंडूवर चालवली की झालं. लाँग आयर्न वरून खाली यावी लागते, सावकाश, आणि चेंडू वर न्यायचं काम पात्याच्या त्या जराशा उतारावर सोडून द्यावं लागतं. साहेब हे शंभरदा सांगायचे. आप्पा 'जी साब' म्हणायचे आणि पुन्हा चेंडूच्या पोटाखाली शिरायचे.

ती सवय सुटली घोणशीमुळे. पाऊस संपून ऊन तापायला लागलं होतं. सातव्या ब्राऊनच्या कडेला एक मनगटाएवढी जाड घोणस वेटोळं घालून बसलेली, कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढत. ब्राऊन झाडणारी बाई तिच्यापासून दोन पावलांवर, हातात झाडू, जागच्या जागी थिजलेली. आम्ही ओरडायच्या आत आप्पा पुढं झाले. काठी वर गेली आणि एकदाच खाली आली. घोणशीचं डोकं तुटून बाजूला उडालं, धड तसंच वळवळत राहिलं. रक्ताचे थेंब आप्पांच्या पांढऱ्या पँटवर होते.

सगळे साप बघत होते. कर्नलसाहेब जमीन बघत होते. पात्यानं मुरमाचा छोटा टवका काढला होता, नेहमीसारखा मागं नाही, सापाच्या पुढच्या बाजूला. ते वाकून बघत म्हणाले, "रंगराव, आज पहिल्यांदा तू वरून मारलास. हिला उचलायचा विचार नव्हता ना मनात?" मग त्यांनी खिशातून एक चेंडू काढला, रक्ताच्या शेजारी मुरमावर ठेवला आणि मारायला सांगितलं.

आप्पांनी मारला. आवाज वेगळाच आला, एखादं कुलूप नीट बंद व्हावं तसा. चेंडू आधी खालून गेला, मग चढायला लागला, आणि चढतच राहिला. इतका लांब फटका मी आमच्या माळावर पाहिलेला नव्हता. आप्पा तोंड उघडं टाकून बघत होते. चेंडू पडल्यावर म्हणाले, "साब, म्या ह्याच्यावर आजवर भरवसाच ठिवला न्हाई. त्यो त्याचं त्याचं वर जातोय. म्याच मधी हात घालत व्हतो."

हे वाक्य ते नंतर अनेकदा म्हणाले, आणि एकदा माझ्या दवाखान्यात म्हणाले ते चेंडूबद्दल नव्हतं.

त्यांना एक मुलगा होता, सागर. त्याला त्यांनी पैलवान करायचं ठरवलं होतं, मुलाला विचारायची पद्धत त्या घरात नव्हती. सोळा-सतरा वर्षांचा असताना गावच्या जत्रेत तो चितपट झाला, तेही लवकर. आप्पांनी त्याला सगळ्या गावासमोर मैदानातून ओढत बाहेर काढलं आणि मारलं. पट्ट्यानं मारलं, मग पट्टा तुटल्यावर हातानं. पोराचा जबडा मोडला. त्याची आई त्याला घेऊन माधवनगरला भावाकडे गेली आणि परत आली नाही. भावाचे यंत्रमाग होते, सागर तिथंच कामाला लागला. आई तिकडंच वारली. सागरचं लग्न झालं, त्याची पत्रिकाही आप्पांना आली नाही. हे सगळं ते हाताच्या फोडांवर मी पट्टी बांधत असताना सांगत होते. "पोराला बी असंच उचलाय गेलो बाई," म्हणाले. "त्यो त्याचा त्याचा आला असता वर."

मी पट्टीची गाठ मारली. पण मला बरं वाटलं नाही. जबडा पोराचा मोडला होता, आणि समजूत यांना आली होती.

हाताला फोड का आले होते, तेही सांगते. सागरनं मामाकडून निरोप पाठवला होता. आप्पांचा हात थांबला असं बाहेरचं कुणी सांगेल, तर तो बायकोला घेऊन भेटायला येईल. मामा व्यवहारी माणूस. आप्पांनी कुणाला मारलं तर तो माणूस माझ्याकडेच येतो, हे त्यांनी हेरलं आणि दर महिन्याला मला फोन सुरू केला. नाव-गाव विचारायचे नाहीत. फक्त, "म्याडम, ह्या महिन्यात कोण आलं का?" एवढंच. मी म्हणायची, नाही आलं. सुरुवातीला मला हा प्रकार पोरकट वाटला, मग मीच महिन्याअखेरीची वाट बघायला लागले.

आप्पांच्या आयुष्यात आता तेवढी एकच गोष्ट उरली होती, पोरगं घरी यावं. त्यासाठी हात आवरायचा होता, आणि साठ वर्षांचा हात असा सांगून ऐकत नाही. राग आला की ते दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचे. बसायची सोय नसेल तर माळावर यायचे आणि चटई न टाकता दोन नंबरनं चेंडू मारत राहायचे. एकदा क्रशरवर कुणीतरी टिपर मागे घेताना त्यांची नवी गाडी चेपली. आप्पा त्या ड्रायव्हरकडे न बघता थेट मैदानावर आले. रागात मारलेले चेंडू एकही उठले नाहीत. कोपरापर्यंत झिणझिण्या, तळहाताला फोड, फोड फुटून रक्त, तरी चालूच. काठी माणसासारखी घाबरत नव्हती, उलटा मार देत होती. संध्याकाळपर्यंत राग उतरला तेव्हा कुठं एक चेंडू वर गेला. पट्टी बांधताना म्हणाले, "माणसाला मारण्यापरीस हे लय दुखतंय बाई."

कर्नलसाहेबांनी लगेच त्यातून तत्त्वज्ञान काढलं, की लाँग आयर्ननं माणूस सुधारतो. मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. तसं असतं तर तुरुंगात गोल्फ शिकवला असता. आप्पांना काठीनं आवरलं नव्हतं, पोराच्या आशेनं आवरलं होतं. पण वर्ष उलटून गेलं आणि माझ्याकडे कुणी आलं नाही, हे मात्र खरं.

दिवाळीनंतर क्लबाच्या वार्षिक सामन्याला सागर आला. बारीक अंगाचा, कोरलेली दाढी, पांढरा शर्ट, जबडा किंचित एका बाजूला. बायको कोमल, तासगावकडची, कमी बोलणारी. आप्पांनी पहाटे उठून घरी मटण शिजवून घेतलं होतं, डबे गाडीत स्वतः धरून आणले होते. पहिल्या होलवर त्यांनी मुरमावरून दोन नंबर मारली. चेंडू अजिंक्यताऱ्याच्या अंगावर जातोय की काय असा चढला. सागरनं टाळी वाजवली. आप्पांनी मागे वळून बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला हा माणूस आवडला.

जेवायला आम्ही सगळे पत्र्याच्या शेडमध्ये बसलो. आप्पा सुनेला आग्रह करून वाढत होते. तिनं वाटी घ्यायला हात पुढं केला, वाटी निसटली आणि रस्सा सागरच्या पांढऱ्या शर्टावर सांडला. सागर कुणाशी तरी हसत बोलत होता. ते हसू तोंडावर तसंच ठेवून त्यानं डाव्या हातानं तिच्या थोबाडीत दिली. फार जोरात नाही. ती ओरडली नाही, दचकलीसुद्धा नाही. पदरानं त्याचा शर्ट पुसायला लागली. न दचकणाऱ्या बायका मी रोज बघते. त्यांना पुढचं काही विचारावं लागत नाही.

शेडमध्ये कुणाचा घास हलेना. आप्पांची काठी त्यांच्या गुडघ्याला टेकून होती. त्यांचा हात मुठीवर गेला आणि बोटं आवळली गेली. कर्नलसाहेब उभे राहिले. तिथं बसलेल्या प्रत्येकानं ती बाभळ पाहिली होती. माझ्या मनात तर कवटीचे एक्स-रेसुद्धा काढून झाले होते.

आप्पांनी काठी बाकाला टेकवून ठेवली. उठले, सुनेला दंडाला न धरता नुसतं खुणेनं मागे केलं आणि मुलासमोर उभे राहिले.

"सागर, तिला न्हाई."

"तुमी मला शिकवताय?" सागरचा आवाज चिरका झाला. "आईला काय केलंसा तुमी? मी बघत न्हवतो व्हय?"

"बघत व्हतास. म्हणून सांगतोय."

सागरनं वडिलांच्या तोंडावर मारलं. आप्पा हलले नाहीत. त्यानं पुन्हा मारलं, मग लाथ घातली, आणि मग बाकाला टेकवलेली काठी उचलली. मला वाटत नाही तोवर त्यानं आयुष्यात गोल्फची काठी धरली असेल. त्यानं ती दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि वरून खाली आणली. हाड तुटल्याचा आवाज मला ओळखू येतो. आप्पा गुडघ्यावर आले. त्यानं दुसरा फटका बरगड्यांवर घातला, तिसरा पाठीत. प्रत्येक फटक्याला तो रडत होता आणि काहीतरी म्हणत होता, ते शब्द नव्हते. आप्पांनी मनात आणलं असतं तर एका हातानं त्याची घडी घातली असती. त्यांचे हात दोन्ही बाजूंना तसेच लोंबत होते. "मार," म्हणाले, "पर तिला न्हाई." चौघांनी मिळून सागरला मागे ओढलं. सुटताच तो गाडीकडे धावला आणि निघून गेला. बायको मागे राहिली आहे हे त्याच्या लक्षातही आलं नसावं.

दवाखान्यात मी एक्स-रे लावून बघितले. गळपट्टीचं हाड तीन ठिकाणी, दोन बरगड्या. आता एक सांगते. मार चुकवायला माणूस हात वर करतो, म्हणून मार खाल्लेल्याचं बहुतेक वेळा कोपराखालचं हाड मोडतं. ते कुणी ठरवून करत नाही, शरीर करतं. आप्पांचे दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत स्वच्छ होते. त्यांनी शरीरालाही हात वर करू दिला नव्हता. मी त्या फिल्मसमोर बराच वेळ उभी राहिले आणि मला रडू आलं.

पोलिसांना कळवावं लागतं, मी कळवलं. हवालदार यायच्या आधी आप्पांनी मला जवळ बोलावलं. "बाई, पडलो म्हून लिवा. मोप उंचावरनं पडलो. पोरावर केस झाली तर परत तोंड बघायचं न्हाई त्यो माझं."

माझा पारा चढला. मी म्हटलं, तुम्ही पडलात, मग ही तुमची सून रोज कशावर पडते? कोमल बाहेर बाकावर बसली होती. तिनं माहेरी फोन लावला होता तो माझ्यासमोरच. वडील म्हणाले होते, नवरा-बायकोत एवढं-तेवढं चालायचंच, जावईबापूंना राग यायच्या आत माधवनगरची गाडी धर. मी आप्पांना ते जसंच्या तसं सांगितलं. तुम्ही पडलात असं लिहिलं की ती आज संध्याकाळी त्या गाडीत बसणार, तिच्या बाजूनं बोलणारं दुसरं कुणी नाही, हेही सांगितलं. आप्पांनी डोळे मिटून घेतले. पैलवानाला इतकं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, पट्टीखालची छाती श्वास घेताना दुखत होती आणि तरी ते मोठे मोठे श्वास घेत होते.

हवालदार आले. त्यांना आप्पा ओळखीचे, आधीच्या भानगडींमुळे. या वेळी मार खाणारे आप्पा आहेत हे त्यांना नीट समजायला थोडा वेळ लागला. काय झालं, असं त्यांनी विचारलं.

"सुनंला आत बोलवा," आप्पा म्हणाले. ती येऊन पायाशी उभी राहिली. मग त्यांनी तिच्याकडे न बघता सांगितलं, "लिवा. माझ्या पोरानं मारलं. आधी तिला, मंग मला. तिला आजच न्हाई मारलं, आधीबी मारत आलाय. ती माझ्या घरी ऱ्हाणार हाय."

कोमलनं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं आणि बाकीचं सगळं स्वतः सांगितलं. ते बराच वेळ चाललं. आप्पा भिंतीकडे तोंड करून ऐकत होते.

ती अजून त्यांच्याकडेच आहे. क्रशरचं ऑफिस बघते, स्कूटर चालवते, ड्रायव्हरांना दमात घेते. आप्पांचं हाड जुळलं, पण खांदा पहिल्यासारखा फिरत नाही. लाँग आयर्न संपली. मागच्या वर्षी ती काठी त्यांनी कर्नलसाहेबांना परत नेऊन दिली. मामाचा फोन मला पुन्हा कधी आला नाही.

मी आप्पांना शेवटचं असं लक्षात ठेवलं आहे ते साताऱ्याच्या कोर्टात. त्यानंतरही ते भेटतात, माळावर येऊन बसतात, नव्यांच्या चुका बघून दात कोरतात. पण आठवले की कोर्टाच्या व्हरांड्यातलेच आठवतात. माझी साक्ष झाली होती, त्यांचीही झाली होती. विचारलं तेवढं त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बाहेर येऊन ते बाकावर बसले, मी शेजारी. थोड्या वेळानं सागर वकिलाबरोबर बाहेर आला. आमच्यासमोरूनच जायचं होतं, दुसरी वाट नव्हती. तो मागावरून तसाच आला असावा, कानामागच्या केसांत कापसाची पिंज अडकली होती. वकील पुढं निघून गेला. आप्पा उठले. मला वाटलं काहीतरी बोलतील. पण त्यांची नजर त्या कापसावर होती. माणूस आपल्या लेकराच्या केसातला कचरा काढायला हात नेतो, तसा त्यांनी बरा असलेला डावा हात हळूच वर नेला.

सागरनं झटकन कोपर वर करून तोंड झाकलं आणि डोळे मिटून घेतले.

तीस वर्षांचा बाप्या, भर दुपारी, कोर्टाच्या व्हरांड्यात. आजूबाजूचे लोक बघायला लागले. आप्पांचा हात हवेत होता तो त्यांनी खाली घेतला, दोन्ही हात पाठीमागे बांधले, आणि सागरला डोळे उघडल्यावर दिसावं म्हणून मागे मागे सरकत समोरच्या भिंतीला जाऊन टेकले.